टेकडी, तलाव आणि तालीम : फोररनर २६५ आणि एच१० या जोडीचे परीक्षण

ज्यांचा व्यायाम एकाच प्रकारचा असतो, त्यांना फिटनेस ट्रॅकर निवडणे फारसे अवघड जात नाही. फक्त चालायला जाणाऱ्यांना कोणताही बरा बँड पुरतो आणि फक्त रस्त्यावर धावणाऱ्यांचे काम जीपीएस असलेल्या जवळपास कोणत्याही घड्याळावर भागते. खरी पंचाईत होते ती ज्यांच्या आठवड्यात धावणे, पोहणे, वजने, घरचे सूर्यनमस्कार आणि रविवारची सायकल किंवा सिंहगड असे सगळेच असते त्यांची. मीही त्यांच्यातलीच एक. पुण्यात राहून वर्षभर असा मिश्र व्यायाम करताना मी गार्मिनचे फोररनर २६५ हे घड्याळ आणि पोलारचा एच१० हा छातीचा पट्टा अशी जोडी वापरते. या जोडीचे परीक्षण करताना माझे म्हणणे मी आधीच मांडून ठेवते : मिश्र व्यायाम करणाऱ्याने सगळे पैसे एकाच महागड्या घड्याळात घालू नयेत, मध्यम दर्जाचे, बटणे आणि वायुदाबमापक असलेले घड्याळ घ्यावे आणि हृदयगती मोजण्याचे काम छातीच्या पट्ट्याकडे सोपवावे.

दुकानात किंवा संकेतस्थळावर सर्वांत ठळक अक्षरांत दिसतो तो व्यायामप्रकारांचा आकडा. शंभरहून अधिक, दीडशेहून अधिक असे लिहिलेले असते आणि विविध व्यायाम करणाऱ्या माणसाला साहजिकच तो आकडा आपल्यासाठीच आहे असे वाटते. हा ‘मोड’ प्रत्यक्षात काय करतो हे पाहिले, तर त्या आकड्याचे वजन बरेच उतरते. पुष्कळशा मोडमध्ये घड्याळ वेळ मोजते, हृदयगती नोंदवते आणि त्यांवरून कॅलरींचा अंदाज बांधते. योगासने, नृत्य, क्रिकेट आणि दोरीवरच्या उड्या यांतला फरक बऱ्याचदा नावापुरता आणि चित्रापुरता असतो. म्हणून मोड किती आहेत हे विचारण्याऐवजी त्या मोडमध्ये वेगळे काय मोजले जाते हे विचारावे. पोहण्याच्या मोडमध्ये फेऱ्या आणि हातांचे वल्हे मोजले जातात का, चढाईच्या मोडमध्ये एकूण किती मीटर चढलो हे वायुदाबावरून काढले जाते का, वजनांच्या मोडमध्ये प्रत्येक सेट आणि मधली विश्रांती वेगळी नोंदवली जाते का, आणि सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे बाहेरचा सेन्सर जोडता येतो का, एवढ्या चार प्रश्नांत बहुतेक स्वस्त बँड गळून पडतात.

आता हृदयगतीविषयी थोडे विस्ताराने लिहिते, कारण सगळ्या निवडीचा कणा तोच आहे. मनगटावरच्या घड्याळाच्या पाठीमागे जे हिरवे दिवे लुकलुकताना दिसतात, ते त्वचेत प्रकाश सोडतात. रक्त हिरवा प्रकाश चांगला शोषून घेते, त्यामुळे प्रत्येक ठोक्यासरशी मनगटातल्या सूक्ष्म वाहिन्यांमध्ये रक्त वाढले की परत येणारा प्रकाश किंचित कमी होतो आणि ठोका ओसरला की किंचित वाढतो. या बारीक चढउतारावरून घड्याळ ठोके मोजते. बसलेले असताना, झोपेत किंवा सपाट रस्त्यावर एकसारख्या गतीने चालताना ही पद्धत उत्तम चालते. हात हलू लागला, मूठ आवळली, मनगट वाकले की त्या प्रकाशात हालचालीचा गोंधळ मिसळतो आणि तो वेगळा काढण्याचे काम आज्ञावलीला करावे लागते. धावताना एक विशेष चूक घडू शकते : मिनिटाला १६०-१७० पावले पडत असतील तर घड्याळ पावलांच्या त्या लयीलाच हृदयाची लय समजते आणि सावकाश धावणाऱ्या माणसालाही आपले हृदय १७०ने धडधडत असल्याचे दिसते. थंडीत मनगटातल्या वाहिन्या आकुंचन पावतात, त्यामुळे डिसेंबरातल्या पहाटे तर पहिली दहा-पंधरा मिनिटे आकड्यांवर विसंबूच नये.

आपल्याकडे हमखास विचारला जाणारा प्रश्न म्हणजे सावळ्या त्वचेवर हे सेन्सर नीट चालतात का. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातील संशोधकांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वेगवेगळ्या त्वचावर्णांच्या लोकांवर अशी उपकरणे तपासली. त्यात त्वचेच्या रंगामुळे अचूकतेत लक्षणीय फरक आढळला नाही, पण हालचाल सुरू असताना होणारी चूक विश्रांतीच्या वेळेपेक्षा सरासरी ३० टक्क्यांनी अधिक निघाली. म्हणजे निवड करताना चिंता करावी ती आपल्या व्यायामातल्या हालचालीची. मनगटावर गोंदण असेल तर मात्र शाईमुळे प्रकाश अडतो, आणि अशा व्यक्तीने दुसऱ्या हाताचा विचार करावा.

छातीचा पट्टा वेगळ्याच तत्त्वावर काम करतो. हृदयाचा प्रत्येक ठोका विद्युत संदेशाने सुरू होतो आणि पट्ट्यातले इलेक्ट्रोड तो संदेश त्वचेवरून थेट टिपतात. त्यात प्रकाश नाही, मनगट नाही, मुठीचा ताण नाही. हे तंत्र खेळाडूंच्या हाती आले ते फिनलंडमधून. पोलार ही कंपनी १९७७ साली तिथेच सुरू झाली आणि १९८२ साली तिने अंगावर बाळगता येणारे पहिले बिनतारी हृदयगतीमापक बाजारात आणले. एच१० हा त्याच परंपरेतला पट्टा. त्यात सीआर२०२५ हा सहज मिळणारा नाण्यासारखा सेल लागतो आणि कंपनीच्या सांगण्यानुसार तो सुमारे ४०० तास चालतो; रोज तासभर व्यायाम करणाऱ्याला वर्षभर चार्जिंगचा विचार करावा लागत नाही. ब्लूटूथ आणि अँट प्लस (व्यायामाच्या उपकरणांची बिनतारी जोडणी) अशा दोन्ही मार्गांनी तो आकडे पाठवतो, म्हणून गार्मिनच्या घड्याळाला पोलारचा पट्टा जोडण्यात काहीही अडचण येत नाही. एकदा जोडणी झाली की पुढे पट्टा बांधून व्यायाम सुरू करताच घड्याळ आपल्या मनगटावरच्या सेन्सरऐवजी त्याचेच आकडे घेऊ लागते.

फरक दिसतो तो चढउताराच्या व्यायामात. चारशे मीटर वेगात धावायचे, मग दोन मिनिटे सावकाश, पुन्हा चारशे मीटर, असा सराव करताना छातीचा पट्टा काही सेकंदांत वर जातो आणि तितक्याच चटकन खाली येतो. मनगटावरचा आलेख त्याच्या मागून रेंगाळत येतो, कारण प्रकाशातला गोंधळ निस्तरण्यासाठी तो काही क्षणांची सरासरी काढत असतो. अर्ध्या मिनिटाच्या जोरकस प्रयत्नात तर कधीकधी हृदयाने गाठलेला उच्चांक मनगटाला दिसण्याच्या आत प्रयत्नच संपलेला असतो. ज्यांना हृदयगतीच्या टप्प्यांनुसार सराव करायचा आहे, त्यांनी हा एक मुद्दा ध्यानात घेतला तरी पुरे.

आपल्या नेहमीच्या व्यायामप्रकारांकडे या दृष्टीने पाहावे. सूर्यनमस्कारात हस्तपादासनापासून भुजंगासनापर्यंत मनगट जवळपास काटकोनात वाकते आणि शरीराचा भार त्याच्यावर येतो. घड्याळाची कड हाताच्या पाठीत रुतते, सेन्सर त्वचेपासून उचलला जातो आणि आकडे भरकटतात. घड्याळ मनगटाच्या हाडापासून दोन बोटे वर, कोपराच्या दिशेने सरकवून बांधले तर पुष्कळ सुधारणा होते, तरी पूर्ण समाधान होत नाही. जोर-बैठकांचेही तेच. मुद्गल फिरवताना मूठ सतत आवळलेली असते आणि केटलबेलचा गोळा तर थेट हाताच्या मागच्या बाजूवर, म्हणजे घड्याळ जिथे असते तिथेच टेकतो. अशा वेळी घड्याळ काढून ठेवून, जवळ कुठेतरी ठेवलेल्या त्याच घड्याळाला पट्ट्याकडून आकडे घेऊ द्यावेत, हा उत्तम उपाय आहे. मल्लखांब करणाऱ्यांनी आणि कबड्डी खेळणाऱ्यांनी मनगटावर काहीही बांधू नये. तिथे प्रश्न अचूकतेचा राहत नाही. खांबाला वेढा घालताना किंवा पकडीत सापडल्यावर ते स्वतःला आणि समोरच्याला इजा करते.

ज्यांना छातीभोवती पट्टा सहन होत नाही त्यांच्यासाठी दंडावर बांधायचा प्रकाशीय पट्टा हा मधला मार्ग आहे. पोलारचाच व्हेरिटी सेन्स हे त्याचे चांगले उदाहरण. दंडावर स्नायू आणि रक्तपुरवठा अधिक असतो, मनगटासारखी हाडे आणि सळसळणाऱ्या शिरा तिथे नसतात, त्यामुळे त्याच हिरव्या प्रकाशाचे आकडे तिथे बरेच स्थिर येतात. स्त्रियांना व्यायामाच्या अंतर्वस्त्राखाली छातीचा पट्टा कधीकधी काचतो; मला स्वतःला तो अंतर्वस्त्राच्या खालच्या पट्टीच्या अगदी लगत, थोडा घट्ट बांधल्यावर त्रास देत नाही, पण प्रत्येकीच्या शरीराची ठेवण वेगळी असते आणि दंडावरचा पर्याय निवडण्यात काहीही कमीपणा नाही.

छातीच्या पट्ट्याची निगा मात्र नेमाने राखावी लागते. बांधण्यापूर्वी इलेक्ट्रोडची जागा पाण्याने ओली करावी. कोकणात किंवा मुंबईत घामच ते काम करून टाकतो, पण पुणे-नाशिकच्या कोरड्या हिवाळ्यात ओला न करता बांधलेला पट्टा सुरुवातीची काही मिनिटे निरर्थक आकडे दाखवतो, आणि वर कृत्रिम धाग्याचा सैल सदरा फडफडत असेल तर त्यातल्या स्थिर विजेने गोंधळ आणखी वाढतो. व्यायाम संपल्यावर पट्ट्याच्या पुढचा, सेल असलेला छोटा भाग काढून वेगळा ठेवावा, कारण ओल्या पट्ट्याला जोडलेला राहिला तर तो चालूच राहतो आणि सेल उतरतो. पट्टा साध्या पाण्याने खळबळून सावलीत वाळवावा. घामाचे मीठ साठू दिले तर इलेक्ट्रोड लवकर निकामी होतात. सुदैवाने नुसता पट्टा वेगळा विकत मिळतो.

आता घड्याळाकडे वळते. फोररनर २६५ मार्च २०२३ मध्ये आले आणि भारतात त्याची किंमत तेव्हा पन्नास हजारांच्या घरात होती. मे २०२५ मध्ये त्याच्या पुढचे ५७० हे मॉडेल आल्यापासून २६५ कमी किमतीत मिळण्याची शक्यता वाढली आहे. वजन ४७ ग्रॅम, पडदा १.३ इंचांचा अमोलेड, पाच बटणे, शिवाय स्पर्शाचा पडदा. ही पाच बटणे हा माझ्या दृष्टीने या घड्याळाचा सर्वांत मोठा गुण आहे आणि तो जाहिरातीत कुठे ठळकपणे सांगितला जात नाही. सह्याद्रीतल्या पावसात पडद्यावर पडणारे थेंब बोटाच्या स्पर्शासारखेच वाटतात. पूर्वी माझ्याकडे असलेल्या एका बँडला फक्त स्पर्शाचा पडदा होता. भर पावसात एका उतरणीवर त्याने नोंद आपोआप थांबवली आणि ओल्या बोटांनी ती पुन्हा सुरू करता आली नाही. बटणे असलेल्या घड्याळात व्यायाम चालू असताना स्पर्श बंद ठेवता येतो आणि थिजलेल्या, चिखलाने माखलेल्या बोटांनीही फेरी नोंदवता येते. पोहताना, हातमोजे घालून सायकल चालवताना, घामाने चिंब झालेल्या हातांनी वजने उचलतानाही हाच फायदा होतो. ज्यांच्या व्यायामात पाणी आणि पाऊस आहे त्यांनी बटणांचा आग्रह सोडू नये.

दुसरा गुण वायुदाबमापकाचा. जीपीएसला आडव्या दिशेचे स्थान बऱ्यापैकी अचूक सापडते, उभ्या दिशेत मात्र त्याची चूक मोठी असते, कारण उपग्रह सगळे आपल्या डोक्यावरच असतात, पायाखालून कुणीच नसतो. त्यामुळे केवळ जीपीएसवर अवलंबून असलेले घड्याळ सपाट रस्त्यावरही उंची वरखाली दाखवते आणि ती सगळी बेरीज एकूण चढाईत जमा करते. वायुदाबमापक हवेचा दाब मोजतो. समुद्रसपाटीजवळ साधारण आठ मीटर वर गेले की दाब एक हेक्टोपास्कलने (हे हवेच्या दाबाचे एकक) उतरतो आणि हा बदल सेन्सरला अगदी सूक्ष्म पातळीवर कळतो. आतकरवाडीतून सिंहगड चढताना सुमारे ६०० मीटरची चढाई होते. तिथल्या प्रत्येक फेरीची चढाई जवळपास सारखीच नोंदवली गेली, तरच आपण गेल्या महिन्यापेक्षा चांगले चढलो की नाही हे सांगता येते. वेताळ टेकडीसारख्या छोट्या चढांवर तर हा फरक अधिकच जाणवतो, कारण तिथे चढाईच इतकी थोडी असते की जीपीएसच्या चुकीत ती बुडून जाते.

मात्र वायुदाबमापकालाही आपला एक स्वभाव आहे, आणि तो ठाऊक नसला तर माणूस गोंधळतो. आपल्या अक्षांशांवर हवेचा दाब रोज ठरावीक लयीत वरखाली होतो. सकाळी दहाच्या सुमारास तो चढलेला असतो आणि दुपारी चारच्या सुमारास उतरलेला. या दोन वेळांमध्ये साधारण तीन हेक्टोपास्कलचा फरक पडू शकतो. म्हणजे सकाळी दहाला गडावर बसून दुपारी चारपर्यंत जागेवरून हललोही नाही, तरी उंची वीस-पंचवीस मीटरने वाढल्यासारखी दिसू शकते. मोसमी पावसाचा कमी दाबाचा पट्टा सरकत असेल तेव्हा ही घसरण आणखी वाढते. दीर्घ चढाईला निघताना पायथ्याची उंची ठाऊक असेल तर ती घड्याळात भरून सुरुवात करावी. शिवाय या सेन्सरसाठी घड्याळाच्या कवचात बारीक छिद्र असते. त्यात चिखल किंवा घामाचे मीठ अडकले की उंची अचानक उड्या मारू लागते. कोमट पाण्यात घड्याळ थोडा वेळ बुडवून ठेवावे, छिद्रात सुई मुळीच घालू नये.

जीपीएसबद्दल फार लिहिण्याचे कारण नाही. फोररनर २६५ दोन वारंवारतांवर उपग्रहांचे संदेश घेऊ शकते आणि त्यामुळे उंच इमारतींमधून किंवा कड्यांच्या कुशीतून जाताना रेषा कमी भरकटते. सांदण दरीसारख्या अरुंद घळीत मात्र आकाशच दिसत नाही, तिथे कोणत्याही घड्याळाकडून अपेक्षा ठेवू नये. यात नकाशे नाहीत. ठरवलेल्या वाटेची फक्त एक रेषा दिसते. रुळलेल्या वाटांवर ती पुरते. अनोळखी जंगलात जाणाऱ्यांनी तिच्यावर विसंबून राहू नये. सोबत वाट जाणणारा माणूस घ्यावा.

पोहण्याच्या बाबतीत हे घड्याळ मला मनापासून आवडले. पाणीरोधकता ५ एटीएम, म्हणजे स्थिर पाण्यात ५० मीटर खोलीइतका दाब सोसण्याची क्षमता. याचा अर्थ ते घालून ५० मीटर खोल बुडी मारावी असा होत नाही, पण तलावातल्या रोजच्या पोहण्याला ती भरपूर आहे. तलावात घड्याळ जीपीएस वापरत नाही. भिंतीला पाय लावून वळतानाचा हाताचा झटका आणि त्यानंतरचे सरपटणे यांवरून ते फेरी मोजते, आणि तलावाची लांबी आपण भरलेली असते तिने गुणते. म्हणूनच पहिल्या दिवशीच तलावाची खरी लांबी विचारून घ्यावी. आपल्याकडचे सगळे तलाव २५ किंवा ५० मीटरचे नसतात, आणि एका फेरीत दोन मीटरची चूक झाली तरी पन्नास फेऱ्यांत ती शंभर मीटर होते. वेगळी लांबी भरण्याची सोय यात आहे. गर्दीच्या तलावात मध्येच थांबावे लागले, समोरच्याला वाट द्यावी लागली, तर एखादी फेरी जास्त मोजली जाते. पाय मारण्याच्या फळीवर हात स्थिर असल्यामुळे फेऱ्या मोजल्याच जात नाहीत. त्यासाठी वेगळी नोंद हाताने करावी लागते. हे कोणत्याही मनगटी घड्याळाच्या बाबतीत खरे आहे.

पाण्यात छातीच्या पट्ट्याचा उपयोग मर्यादित होतो. ब्लूटूथ आणि अँट प्लस यांच्या लहरी पाण्यात शोषल्या जातात, त्यामुळे पट्टा आणि घड्याळ यांच्यातला संवाद पोहताना तुटतो. एच१० स्वतःच्या स्मृतीत एक व्यायाम साठवून ठेवू शकतो, पण त्यासाठी तो पोलारच्या अ‍ॅपमधून सुरू करावा लागतो आणि ती नोंद गार्मिनच्या नोंदीशी आपोआप जुळत नाही. ज्यांचा मुख्य व्यायाम पोहणे आहे आणि पाण्यातली हृदयगती ज्यांना खरोखर हवी आहे, त्यांनी गार्मिनचाच साठवणीची सोय असलेला पट्टा घ्यावा. तो पाण्याबाहेर आल्यावर साठवलेले आकडे घड्याळाला देतो. मी पोहण्यात हृदयगतीकडे पाहत नाही, शंभर मीटरला लागणारा वेळ आणि प्रत्येक फेरीतले वल्हे यांवरच माझे समाधान होते, म्हणून मला एच१० पुरतो.

सायकलसाठी हीच जोडी सहज चालते. हँडलवर मनगट वाकलेले असते आणि रस्त्याचे हादरे सतत बसतात, त्यामुळे इथेही छातीचा पट्टाच विश्वासाचा. पेडलची गती किंवा जोर मोजणारे सेन्सर पुढे कधी घ्यावेसे वाटले तर ते या घड्याळाला जोडता येतात.

वजनांच्या व्यायामात घड्याळ आपोआप आवर्तने मोजण्याचा प्रयत्न करते. हाताच्या व्यायामात ते बरे जमते, पायांच्या व्यायामात हात स्थिर असल्यामुळे फसते. मी आवर्तनांची मोजणी बंद ठेवते आणि फक्त सेट व विश्रांती यांसाठी बटण दाबते. वजनांची वही अजूनही कागदाचीच आहे आणि ती तशीच राहावी असे माझे मत आहे.

काही आकडे असे आहेत की त्यांवर कोणताही निर्णय आधारू नये, मग घड्याळ कितीही किमतीचे असो. त्यात पहिला क्रमांक कॅलरींचा. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०१७ साली ६० स्वयंसेवकांवर सात मनगटी उपकरणे तपासली. सातांपैकी सहा उपकरणांची हृदयगती पाच टक्क्यांच्या आतल्या चुकीने बरोबर होती, पण खर्च झालेल्या ऊर्जेच्या बाबतीत सर्वांत अचूक उपकरणही सरासरी २७ टक्क्यांनी चुकले आणि सर्वांत वाईट ९३ टक्क्यांनी. उपकरणे तेव्हापासून सुधारली आहेत, तरी अडचण मुळातली आहे : त्याच हृदयगतीला दोन माणसांची शरीरे वेगवेगळी ऊर्जा खर्च करतात आणि वजने उचलताना तर हृदयगती व ऊर्जा यांचे नातेच सैल होते. वजन उतरवण्यासाठी आहाराचे मोजमाप करणाऱ्यांनी ताटातली भाकरी घड्याळाच्या आकड्यावरून वाढवू किंवा घटवू नये.

दुसरा आकडा कमाल हृदयगतीचा. घड्याळ तो सहसा २२० वजा वय असा गृहीत धरते. २००१ साली अनेक अभ्यासांचे आकडे एकत्र करून सुचवलेले २०८ वजा वयाच्या ०.७ पट हे सूत्र मोठ्या वयात अधिक जवळ जाते; साठ वर्षांच्या व्यक्तीला पहिल्या सूत्राने १६० आणि दुसऱ्याने १६६ मिळतात. त्यातही माणसामाणसांत दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज असतो. हा आकडा चुकला की सरावाचे सगळे टप्पे चुकतात, आणि घड्याळ निवांत धावण्याला कठीण सराव ठरवून दुसऱ्या दिवशी विश्रांतीचा सल्ला देते. छातीचा पट्टा बांधून केलेल्या खडतर चढाईत किंवा शर्यतीत जो उच्चांक दिसला, तो घड्याळात हाताने भरावा. हृदयविकार, रक्तदाब किंवा त्यासाठीची औषधे असलेल्यांनी मात्र असा उच्चांक गाठण्याचा प्रयोग स्वतःहून करू नये. हृदयगतीची मर्यादा त्यांनी डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावी, कारण काही औषधे हृदयगती मुद्दाम खाली ठेवतात आणि तिथे कोणतेच सूत्र लागू पडत नाही.

घड्याळाची बॅटरी साध्या वापरात १३ दिवस आणि केवळ जीपीएसवर २० तास चालते असे कंपनी सांगते; दोन्ही वारंवारता सुरू ठेवल्या तर तास कमी होतात. आठवडाभराच्या मिश्र व्यायामात मला मध्ये चार्जिंगची काळजी करावी लागत नाही, आणि शनिवार-रविवारच्या मुक्कामी भटकंतीला पॉवर बँक केवळ घड्याळासाठी न्यावी लागत नाही. झोपेची नोंद, शरीर सरावाला किती तयार आहे याचा सकाळचा अंदाज, हृदयाच्या ठोक्यांमधल्या अंतराचा कल हे सगळे यात आहे. मी त्यातला फक्त कल पाहते : सलग काही दिवस विश्रांतीची हृदयगती नेहमीपेक्षा चढलेली असेल तर जोराचा सराव पुढे ढकलते.

पर्यायांकडेही प्रामाणिकपणे पाहायला हवे. फोररनर ५५ हे वीस हजारांच्या घरात आलेले, ३७ ग्रॅमचे, साधे घड्याळ धावणाऱ्यांसाठी फार चांगले आहे, मात्र त्यात वायुदाबमापक नाही, म्हणून गड चढणाऱ्यांनी ते घेऊ नये. २०२४ साली आलेले फोररनर १६५ मला मिश्र व्यायामाच्या बहुतेक लोकांसाठी सर्वांत किफायतशीर वाटते : बटणे आहेत, वायुदाबमापक आहे, पडदा अमोलेड आहे, किंमत २६५पेक्षा बरीच कमी आहे. दुहेरी वारंवारतेचे जीपीएस आणि एका नोंदीत सलग पोहणे-सायकल-धावणे करण्याची ट्रायथलॉनची सोय त्यात नाही. त्या दोन्ही नको असतील तर १६५ घ्यावे आणि उरलेल्या पैशांत छातीचा पट्टा घ्यावा. आठ हजारांच्या आत आलेल्या अमेझफिट बिप ६ मध्ये स्वतःचे जीपीएस आणि मोठा पडदा आहे. ज्यांचा व्यायाम नुकताच सुरू झाला आहे, कोणता प्रकार टिकेल हे ठरलेले नाही, त्यांनी पन्नास हजार घालवण्याआधी अशा घड्याळावर काही महिने काढणे शहाणपणाचे आहे. अ‍ॅपल वॉच आयफोनशिवाय चालत नाही आणि त्याच्या नेहमीच्या मॉडेलांची बॅटरी कंपनी कित्येक वर्षे १८ तासांचीच सांगत आली. शहरात व्यायाम करून रोज रात्री चार्जिंगला लावणाऱ्यांना ते उत्कृष्ट आहे, दोन दिवसांच्या भटकंतीला नाही. व्हूपच्या मनगटी पट्ट्याला पडदाच नाही आणि त्यासाठी सतत वर्गणी भरावी लागते. धावताना वेग आणि चढताना उंची मनगटावर पाहू इच्छिणाऱ्या माणसाला त्याची शिफारस मी करणार नाही.

ज्यांना हे सगळे एकदम घेणे परवडत नाही, त्यांनी छातीचा पट्टा आधी घ्यावा. तो फोनला थेट जोडता येतो, बहुतेक व्यायामाच्या अ‍ॅपमध्ये त्याचे आकडे येतात, आणि पुढे कोणत्याही कंपनीचे घड्याळ घेतले तरी त्याला ब्लूटूथ किंवा अँट प्लसने बाहेरचा पट्टा जोडता येत असेल तर तोच चालतो. घड्याळाची बॅटरी आत बंदिस्त असते आणि काही वर्षांनी ती थकतेच. पट्ट्यात सेल बदलला की तो पुन्हा नव्यासारखा.

घड्याळ घेताना आकाराचा विचार दुकानात मनगटावर बांधूनच करावा. २६५चे कवच ४६ मिलिमीटरचे आहे आणि बारीक मनगटावर ते हाडावरून पलीकडे जाते, सेन्सरखाली फट राहते आणि मनगटावरचे आकडे आणखी बिघडतात. बारीक मनगटाच्या स्त्रीपुरुषांनी २६५एस पाहावे. ते ३९ ग्रॅमचे आहे आणि पडदा लहान असल्यामुळे त्याची बॅटरी मोठ्या भावंडापेक्षा उलट थोडी अधिक, १५ दिवस चालते. बदली पट्टे विकत घेताना मोठ्याला २२ मिलिमीटरचा आणि एसला १८ मिलिमीटरचा पट्टा लागतो, एवढे विक्रेत्याला सांगावे. पावसाळ्यात रबरी पट्ट्याखाली घाम आणि पाणी साचून पुरळ येते, त्यामुळे विणलेल्या नायलॉनचा एक जास्तीचा पट्टा घेऊन ठेवावा आणि व्यायामानंतर मनगट व घड्याळाची पाठ दोन्ही कोरडी करूनच तो पुन्हा बांधावा.